दुसरा तुकडा कोण उचलणार?

पत्र, थोडक्यात:

पुण्यातल्या ४२ वर्षांच्या एका वाचक बाईंचं पत्र आहे. शाळा पेठेतली, मराठी माध्यमाची. गेली १७ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, सध्या हिंजवडीतल्या एका कंपनीत टीम लीड. यंदाच्या अप्रेझलमध्ये वरिष्ठांनी लिहिलं, 'काम उत्तम, पण अधिक डिसायसिव्ह व्हायला हवं', आणि बढती पुढच्या वर्षावर गेली. घरी येऊन त्यांनी शब्दकोशात पाहिलं: ठाम, निश्चयी, झटपट निर्णय घेणारा. तेव्हापासून 'मी मुळातच कचखाऊ' हे जिथे तिथे दिसायला लागलंय. सध्या तीन गोष्टी अडल्या आहेत. ऑफिसात दोन व्हेंडरपैकी एकाची निवड करायची आहे. बंगळुरूहून जास्त पगाराची नोकरी आली आहे, तिचं उत्तर १५ दिवसांत द्यायचंय आणि मुलगी नववीत आहे. तिसरी गोष्ट आईची. ७३ वर्षांची आई नारायण पेठेत एकटी राहते. तिची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे आणि संमतीपत्राचं विचारलं की ती 'बघू' म्हणते आणि मागच्या अंगणातल्या प्राजक्ताची फुलं वेचायला जाते. भाऊ कॅनडात, 'त्याला तिकडून काय कळणार' म्हणून त्याला विचारलेलं नाही. वडील एक घाव दोन तुकडे करणारे होते. गावाकडची जमीन त्यांनी एका दुपारीत विकली, त्यानंतर आई कित्येक महिने गप्प गप्प होती. 'बाबांच्या शेवटच्या आजारात रात्री दोनला त्यांना दवाखान्यात हलवलं तेवढं मी धडाधड केलं, पण ती वेळच तशी होती,' असंही एक वाक्य पत्रात येऊन जातं. आता येत्या रविवारपर्यंत तिन्हींचा निकाल लावायचा त्यांचा बेत आहे. नवराही म्हणतोय, 'एकदाचा तुकडा पाड.' त्या विचारतात: डिसायसिव्ह म्हणजे नेमकं काय, हा शब्द आला कुठून, आणि या वयात तसं होता येतं का?

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन्सिलीनं एकाच ठिकाणी रेघ मारली: 'रविवारपर्यंत'. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्हाला हवीच आहेत, पण त्याआधी तुम्हाला त्या एका शब्दाला उत्तर द्यायचंय असं मला वाटलं. म्हणून आपण आधी शब्दाकडेच जाऊ. एखादा शब्द जिव्हारी लागला की मी त्याची पाळंमुळं पाहून येते. लागलेलं लगेच बरं होत नाही, पण नेमकं कुठे लागलंय ते कळतं.

डिसायसिव्ह हे विशेषण डिसाइड या क्रियापदाच्या घरातलं. मूळ लॅटिन शब्द 'देकीदेरे'. त्यातला 'दे' म्हणजे बाजूला, वेगळं. आणि 'काएदेरे' म्हणजे कापणं, तोडणं, घाव घालणं. डिसाइड म्हणजे शब्दशः कापून वेगळं करणं. याच धातूची मुलंबाळं तुम्ही रोज वापरता. सिझर्स, म्हणजे कात्री. शस्त्रक्रियेतला छेद, म्हणजे इन्सिजन. काटछाट करून आटोपशीर केलेलं ते कन्साइज, नेमकं कापलेलं ते प्रिसाइज. पेस्टिसाइडच्या शेवटी जो 'साइड' आहे तोही हाच, तिथे त्याचा अर्थ कापण्यावरून मारण्यावर गेला. शाळेत आपण समोरच्या दातांना पटाशीचे दात म्हणायला शिकलो. इंग्रजीत ते इन्सायझर, आणि सुताराच्या पटाशीला इंग्रजीत म्हणतात चिझल. दोन्ही शब्द याच लॅटिन धातूतून निघालेले! मराठीनं दात आणि हत्यार यांची जोडी आपली आपण लावली, लॅटिननं आपली आपण. मला अशा ठिकाणी फार आनंद होतो, म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता तुमच्या बाबांचं पाहा. 'एक घाव दोन तुकडे'. रोमन माणसाला जे सुचलं तेच आपल्याला सुचलं: निर्णय म्हणजे घाव. पण आपल्या वाक्प्रचारात एक हिशेब आहे. घाव एक, तुकडे मात्र दोन, हे तो मोजून सांगतो. एक तुकडा आपण हातात धरतो आणि त्याला 'माझा निर्णय' म्हणतो. दुसरा खाली पडतो. तो कोण उचलतं?

तुमच्या पत्रात त्याचं उत्तर आहे. बाबांनी एका दुपारीत जमीन विकली आणि आई कित्येक महिने गप्प होती. दुसरा तुकडा तिनं उचलला. मी तुमच्या वडिलांना नावं ठेवत नाही. कदाचित विकणं बरोबरच होतं, कदाचित पैशाची नड होती. मला एवढंच म्हणायचंय की तुम्ही आजवर बाबांच्या त्या दुपारीला ठामपणाचा नमुना मानत आलात आणि आईच्या महिन्यांना नुसतं गप्प राहणं. ते महिनेही त्याच निर्णयाचा भाग होते. तुम्ही लहानपणी दोन्ही पाहिलंत. तुमचा हात हत्याराकडे जाताना थबकतो तो भित्रेपणानं, असं तुम्ही मानून चालला आहात. मला वाटतं, खाली काय पडतं ते तुम्ही पाहिलेलं आहे, म्हणून तो थबकतो.

शब्दाची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. डिसाइडचा इंग्रजीतला जुना अर्थ दोन पक्षांमधलं भांडण मिटवणं, निवाडा करणं असा होता. स्वतःच्या मनाशी ठरवणं हा अर्थ पुष्कळ नंतरचा. आणि डिसायसिव्ह हे विशेषण सतराव्या शतकात आलं तेव्हा ते लागत असे पुराव्याला, युक्तिवादाला, लढाईला: जिच्यानं प्रकरण संपतं अशा गोष्टीला. माणसाच्या स्वभावाला ते चिकटलं त्यानंतर, अठराव्या शतकात. मराठी अजून त्या जुन्या जागेवर उभी आहे. आपण 'निर्णायक लढाई' म्हणतो, 'निर्णायक मत' म्हणतो, 'निर्णायक षटक' म्हणतो. 'आमची मावशी फार निर्णायक आहे' असं कोणी म्हणत नाही. मावशी खंबीर असते, ठाम असते, करारी असते.

मला मराठीची ही सवय जास्त खरी वाटते. क्षण निर्णायक असतो, प्रसंग निर्णायक असतो. माणूस त्या प्रसंगात जसा वागेल तसा. तुम्ही मात्र एका ओळीच्या शेऱ्यावरून स्वतःच्या सगळ्या स्वभावावर शिक्का मारून घेतलात. रात्री दोनला वडिलांना उचलून दवाखान्यात नेणारी, कागदांवर सह्या करणारी बाई तुम्हीच होतात ना? 'ती वेळच तशी होती' म्हणून तुम्ही ती रात्र हिशेबातून वगळता. वेळच तशी असते, नेहमी. त्या रात्री दुसरा तुकडा कोणता आणि तो कोण उचलणार हे तुम्हाला स्पष्ट दिसत होतं, म्हणून हात थांबला नाही.

आता झटपटपणाबद्दल. शब्दकोशात तुम्हाला 'झटपट' दिसलं आणि तेच मनात रुतून बसलं. आपल्याकडे 'निर्णय' या शब्दाचा न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या दर्शनात, नीट विचार झालाय. न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजले आहेत त्यात संशय तिसरा आणि निर्णय नववा. मधे पाच आहेत: प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क. आणि निर्णयाची व्याख्या अशी की दोन्ही पक्ष तोलून, विचार करून अर्थ निश्चित करणं म्हणजे निर्णय. म्हणजे संशय हा तिथे दोष म्हणून मोजलेला नाही. तो वाटेवरचा मुक्काम आहे. तिथे घर बांधलं तर मात्र वाट खुंटते.

तुमच्या आईची पेठ ज्या नारायणराव पेशव्यांच्या नावाची, त्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं आणि पद सोडून ते पुण्यातून निघून गेले, हे आपल्याला पाठ असतं. चित्रात, नाटकात नेमका तो क्षण येतो. पण त्याआधी त्यांनी चौकशी केली होती, तिला वेळ दिला होता. आणि निवाड्यातून पडलेला दुसरा तुकडा, म्हणजे आपलं पद, त्यांनी स्वतःच उचलला. 'रामशास्त्री बाणा' म्हणताना या दोन गोष्टी मला त्या करारी वाक्याइतक्याच मोठ्या वाटतात.

आता एकेक गोष्ट घेऊ.

ऑफिसची सगळ्यात सोपी. वरिष्ठांना भेटा आणि विचारा: गेल्या वर्षातले असे दोन-तीन प्रसंग सांगा, जिथे माझा निर्णय उशिरा आला. हे तक्रारीच्या सुरात नको, खरंच माहिती हवी म्हणून विचारा. माझा अंदाज आहे की त्यातल्या निम्म्या प्रसंगांत तुमचा निर्णय वेळेवर झाला होता, फक्त तो तसा ऐकू गेला नाही. आपण पुण्यात 'बघू या' म्हणतो, 'मला आपलं वाटतं हं' म्हणतो, 'तसं काही नाही, पण...' म्हणतो. ऐकणारा आपला असेल तर त्याला बरोबर कळतं. तीच मराठी नम्रता 'आय थिंक' आणि 'मेबी' होऊन इंग्रजीत उतरली की समोरच्याला वाटतं, हिचं अजून ठरलेलं नाही. तुमची लाजरी वाक्यं त्यांनी तुमचा अनिश्चय म्हणून वाचली असतील. हे दुरुस्त करायला स्वभाव बदलावा लागत नाही. आधी निर्णय एका वाक्यात, मग कारणं, मग 'यात काय चुकू शकतं' ते. क्रम तेवढा उलटा करायचा.

आणि हेही मनात ठेवा: जेवढा वेळ घेतल्यावर बाईला 'डिसायसिव्ह नाही' म्हटलं जातं, तेवढाच वेळ घेणाऱ्या पुरुषाला पुष्कळदा 'विचारी' म्हणतात. तुमच्या बाबतीत तसं झालं की नाही हे मला ठरवता येणार नाही. प्रसंग मागितलेत की तुम्हालाच दिसेल.

व्हेंडरच्या निवडीला रविवारही लागायला नको. चुकलं तर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं बदलता येईल अशी ती गोष्ट आहे. जे परत फिरवता येतं त्यावर रात्री जागवू नयेत. अर्धं पान लिहा: कोणाला निवडलं, का, आणि काय दिसलं तर बदलू. बुधवारी संध्याकाळी पाठवून द्या.

बंगळुरूचं उत्तर देताना मात्र खरंच काहीतरी कापलं जाणार आहे. तिथे एक माणूस पंधरा दिवस तुमच्यासाठी जागा धरून बसलाय. याबद्दल मी माझाच एक अनुभव सांगते. तिशीत मला दुसऱ्या गावी शिकवायची नोकरी देऊ केली होती. मी 'कळवते' म्हणाले आणि दोन महिने कळवलं नाही. त्यांनी दुसऱ्या कोणाला घेतलं. पुढे कित्येक वर्षं मी सांगत राहिले की योग नव्हता. खरं म्हणजे जायचं नाही हे माझं पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. सांगायची माझी हिंमत नव्हती. दोन महिने तिकडे कोणीतरी वर्ग सांभाळत वाट पाहत होतं, त्याचा विचार माझ्या मनात फार उशिरा आला. तेव्हापासून मी निर्णय 'झाला' असं तेव्हाच मानते, जेव्हा तो ज्याला कळायला हवा त्याला कळतो. मनातल्या मनात केलेला घाव दुसऱ्याच्या गळ्यावर लटकत राहतो.

बंगळुरूसाठी एक साधी गोष्ट करा. फायदे-तोट्यांचे तक्ते तुम्ही आधीच केले असणार, ते बाजूला ठेवा. एका कागदावर फक्त एवढंच लिहा: 'हो' म्हटलं तर काय खाली पडतं, आणि ते कोण उचलतं. दुसऱ्या कागदावर 'नाही' म्हटलं तर. कोण उचलतं, तिथे माणसाचं नाव लिहा. मुलगी पुढच्या वर्षी दहावीत. शाळा बदलणं हा तुकडा तिच्या वाट्याचा आहे, तेव्हा ती ओळ तिला स्वतःला लिहू द्या, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ती लिहू शकते. आईला दर शनिवारी भेटायला जात असाल तर तोही एक तुकडा. पगार, पद, सतरा वर्षांनी नवं काही करून पाहण्याची उमेद हे 'नाही' म्हटल्यावर पडणारे तुकडे, आणि ते तुम्हालाच उचलायचे आहेत. ते लहान समजू नका. घरासाठी नाही म्हटलेल्या बायका हा तुकडा वीस-वीस वर्षं पदराखाली घेऊन हिंडताना मी पाहिल्या आहेत. 'नाही' म्हणाल तर ते स्वतःचं म्हणून म्हणा, आईवर किंवा मुलीवर नाव टाकून नको. आणि मुलीची दहावी संपेपर्यंत पुण्यातून काम करू देतील का, हे त्यांना विचारलंत का? प्रत्येक गोष्टीचे दोनच तुकडे होतात असंही नाही.

इथे मला लॅटिनमधली आणखी एक गंमत आठवते. 'देकीदेरे' म्हणजे कापणं, यातला 'की' दीर्घ. तोच ऱ्हस्व केला की होतं 'देकिदेरे', आणि त्याचा अर्थ गळून पडणं. त्याचा धातूच वेगळा, 'कादेरे' म्हणजे पडणं. त्यातून इंग्रजीत डिसिड्युअस आला, म्हणजे पानझडी. एका वेलांटीचा फरक: इकडे आपण कापायचं, तिकडे आपोआप गळायचं. आपल्याला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून शाळेत ओरडा बसायचा, इथे तर त्यावर आख्खा निर्णय फिरतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर वेताळ टेकडीवर गेलात तर पळस, सालई उघडीबोडकी उभी असतात. ती पानं कोणी तोडलेली नसतात. पण ती अशीच पडलेलीही नसतात. झाड आधी पानातलं कामाचं असेल ते परत आत ओढून घेतं, मग देठाशी एक थर तयार करतं, आणि मगच पान सुटतं. गळणं ही झाडानं केलेली तयारी असते. तुमच्या डोक्यात आज जे पन्नास प्रश्न गर्दी करून आहेत (तिकडे घर कुठे, मुलीला कोणतं बोर्ड, इथला फ्लॅट भाड्यानं द्यायचा का, आईकडे कोण जाणार) त्यातले बरेच अशा पानांसारखे आहेत. बंगळुरूचं उत्तर झालं की त्यातले निम्मे कोणत्याही घावाशिवाय गळतील. म्हणून ते आज सोडवायला बसू नका. आणि म्हणूनच आईच्या घराच्या आधी बंगळुरू.

आता आई. मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी तिच्या 'बघू'ची वाटली, आणि तिथे डिसायसिव्ह हा शब्द तुमच्या कामाचा नाही. तिथे दुसरा हवा: रेझोल्यूट. हाही ठामपणाचाच शब्द, पण त्याचा जन्म अगदी उलट्या घरात झालाय. लॅटिन 'रेसोलुतुस' म्हणजे सैल केलेला, सुटलेला, ढिला. 'सोल्वेरे' म्हणजे सोडणं. सॉल्व्ह, सोल्यूशन, डिझॉल्व्ह ही सगळी त्याचीच. इंग्रजीतही या विशेषणाचा सुरुवातीचा अर्थ विरघळलेला असा होता. मग सैल या अर्थाचा शब्द ठाम या अर्थाला कसा आला? गुंता सैल केला की त्याचे धागे वेगळे होतात, धागे वेगळे झाले की प्रश्नाची उकल होते, उकल झाली की मन स्थिर होतं. शेवटी त्या स्थिर झालेल्या मनालाच लोक रेझोल्यूट म्हणू लागले. मराठीत आपण कोडं सोडवतो, गणित सोडवतो, भांडणही सोडवतो. गाठ सोडवायला लागणारी बोटं आणि निर्णयाला लागणारं मन यांचं नातं आपल्या भाषेला माहीत आहे.

तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन हाही याच घरातला शब्द. जवळजवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसणं म्हणजे रिझोल्यूशन. नारायणगावजवळ खोडदला आपली मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. त्या सगळ्या एका शेतात शेजारी शेजारी लावल्या नाहीत, काही थेट पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. कारण तबकड्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं एकत्रित चित्र बारीक दिसतं. लांबच्या तबकडीला कमी कळत नाही. तिच्यामुळेच बाकीच्यांना नीट दिसतं.

भावाला फोन करा. 'त्याला तिकडून काय कळणार' हे वाक्य मला पटलं नाही. तो लांब आहे म्हणून त्याला आईच्या जिन्याचा रोजचा त्रास दिसत नसेल, पण तुम्हाला जवळून न दिसणारं काहीतरी त्याला दिसत असेल. शिवाय पुढे कागदांवर त्याचंही नाव येण्याचा संभव आहे. आज न विचारलेला भाऊ पाच वर्षांनी फार महागात पडतो, हे पुण्यातल्या कितीतरी घरांना माहीत आहे.

मग गाठ. 'संमती द्यायची की नाही' हा एक प्रश्न म्हणून तुम्ही आईपुढे ठेवता आणि ती 'बघू' म्हणते. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. बाकीच्यांनी सह्या केल्या असतील तर इमारत उतरवायची की नाही हे एकट्या आईच्या हातात कदाचित नाहीच. तिच्या हातात असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्याबद्दल तिला कोणी विचारलेलं नाही. मधली काही वर्षं ती कुठे राहणार? त्याच पेठेत भाड्यानं, तुमच्याकडे, आणखी कुठे? नव्या घरात परत येईपर्यंत आपण असू का, हा प्रश्न ७३ व्या वर्षी मनात येतोच, आणि तो मुलीसमोर बोलता येत नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या ओळखी, कोपऱ्यावरचा दूधवाला, बाबांची खुर्ची जिथे असायची ती जागा, आणि मागचा प्राजक्त, तो तर नकाशात कुठेच नसणार. हे सगळे धागे त्या एका 'बघू'त गुंडाळलेले आहेत. आणि एक धागा कदाचित खूप जुना: मागच्या वेळी असंच काहीतरी विकलं गेलं, तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं.

व्यवहाराचे धागे वकिलाकडे बसून सोडवता येतात. विकसकाबरोबरचा करार नोंदणीकृत आहे का, काम अर्धवट राहिलं तर बँक गॅरंटी किती, आईला मिळणाऱ्या नव्या जागेचा स्वतंत्र करार तिच्या नावानं होणार का, चटई क्षेत्रफळ नेमकं किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, ताबा लांबला तर भाडं चालू राहणार का. हे प्रश्न लेखी विचारा, उत्तरं लेखी मागा. शेजाऱ्यांपैकी आणखी दोन-तीन घरांत एकट्या राहणाऱ्या बायका असतील तर एकत्र जा. चौघींनी मिळून विचारलेल्या प्रश्नाला समिती टाळत नाही. यात घाई करू नका, पण तारीख मात्र घाला. आईला सांगा की या महिनाअखेरीपर्यंत आपण सगळं समजून घेऊ आणि मग तू सांग. सही तिची आहे, तेव्हा घावही तिचाच. तुम्ही गाठ सैल करून द्यायची.

या वयात असं होता येतं का, असं तुम्ही विचारलंत. ४२ व्या वर्षी स्वभाव नवा आणता येत नसेल, पण क्रम बदलता येतो, तारीख घालता येते, ठरलेलं तोंडानं सांगायची सवय लागते. मला ती पन्नाशीनंतर लागली. अजूनही एखाद्या वेळी सुटते, आणि मग कोणाला तरी वाट पाहायला लावल्याचं मनाला लागतं.

येत्या रविवारी तुम्ही तिन्हींचा निकाल लावणार होतात. त्याऐवजी सकाळी लवकर नारायण पेठेत जा, फुलं पडलेली असतील तोवर. नवऱ्याला नेऊ नका, फाइल नेऊ नका. आई वेचत असेल तर तिच्याबरोबर वेचा, आणि समोर बसून नाही, शेजारी बसून एवढंच विचारा, की त्या वेळी जमीन गेली तेव्हा तुला काय वाटलं होतं गं. मग पुरेसा वेळ गप्प राहा. प्राजक्ताची फांदी लावून दुसरीकडे जगते, हे तिला बहुतेक तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल. तिनं काय सांगितलं ते मला जरूर लिहा.